बर्फाखाली डायव्ह करताना ऊब टिकवायची कशी

बर्फाखाली डायव्ह करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, थंडी नाही का वाजत? वाजते ना. पण लोकांना वाटतं तेव्हा नाही. पाण्यात शिरल्या शिरल्या जीव जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा सूट, नीट असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं चेहरा सोडून बाकी अंगाला फारसं काही जाणवत नाही. थंडी भरते ती एकतर उतरायच्या आधी बर्फावर उभं राहून नाहीतर बाहेर आल्यावर, आणि पाण्यात जी वाजते तिची तयारीसुद्धा बहुतेक वेळा आपण वरच करून ठेवलेली असते.

पाणी किती गार असतं ते आधी सांगतो. गोडं पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं त्यामुळे तळ्यात ते खाली बसतं आणि बर्फाच्या लगेच खाली शून्याच्या आसपासचं पाणी राहतं, म्हणजे उन्हाळ्यात असतं त्याच्या बरोबर उलट, खाली जाल तसं किंचित बरं वाटतं. समुद्रात ही सोय नाही. मिठामुळे तिथलं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं, अंटार्क्टिकात मॅकमर्डोजवळ शास्त्रज्ञ बर्फाला भोक पाडून उतरतात ते अशाच पाण्यात. आणि पाणी उष्णता वाहून नेतं हवेच्या जवळपास २५ पट, त्यामुळे वर उणे दहा असताना खिशात हात घालून मस्त फिरणारा माणूस शून्य अंशाच्या पाण्यात तोच जॅकेट घालून थोडाच वेळ टिकेल.

आता सूट. ड्रायसूट म्हणजे रेनकोट, स्वेटर नाही. ट्रायलॅमिनेटचा सूट तर नुसता पातळ कापडाचा असतो, स्वतःची ऊब शून्य. निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ रबराचा, थोडी देतो पण खोलीवर दाबला गेला की तीही कमी होते. ऊब येते ती आतल्या अंडरसूटमध्ये अडकलेल्या हवेतून, ती हवा टिकवायची हाच सगळा खेळ. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्मी होते, सूट अंगाला चिमटे काढायला लागतो तेव्हा इन्फ्लेटरने, म्हणजे टाकीतली हवा सूटमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हने, हवा भरायची असते. बरेच जण चिमटा सुटेल एवढीच भरतात. गार पाण्यात मी त्याहून थोडी जास्त ठेवतो म्हणजे अंडरसूट फुललेला राहतो, त्यासाठी कमरेला थोडं जास्त वजन लागतं ते लागू दे. फार जास्त मात्र नको, हवा पायात गेली की पाय वर डोकं खाली, आणि इथे वर आकाश नाहीये, छत आहे.

इन्फ्लेटरचं बटण दाबून धरायचं नाही, टकटक करत थोडी थोडी हवा घ्यायची. दाबाखालची हवा सुटताना प्रसरण पावून भयंकर गार होते आणि व्हॉल्व्ह उघडाच गोठू शकतो, मग सूट फुगतच राहतो. अशा वेळी सूटला हवा आणणारा होज काढून टाकायचा असतो आणि तो जाड ग्लोव्ह्जमध्ये काढता येतो का ते घरी बसून दहा वेळा करून बघा. रेग्युलेटरलाही, म्हणजे तोंडात धरून ज्यातून श्वास घेतो त्या यंत्रालाही, हाच आजार आहे म्हणून त्यातून वर बर्फावर श्वास घेऊन बघायचा नाही, तोंडातली वाफ आत गोठते, पहिला श्वास पाण्याखालीच. शिवाय दोन वेगळे फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) हवेतच, एक फ्री फ्लो झाला, म्हणजे त्यातून हवा आपोआप सुटत राहिली, तर तो बंद करून दुसऱ्यावर घरी यायला.

आता कपडे, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळी गडबड इथेच होते. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिप्रॉपिलीन, त्यावर जाड अंडरसूट, थिन्सुलेट वगैरेचा. सुती काही नको, अगदी बनियनसुद्धा नाही, सुती कपडा घाम पितो आणि धरून बसतो. आणि घाम येणारच, कारण तुम्ही तापवलेल्या तंबूत एवढं सगळं अंगावर चढवता, चेन लावता, हूड घालता आणि मग टाकी उचलून भोकापर्यंत चालता किंवा बडीची, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराची, वाट बघत तसेच बसून राहता, आणि पाण्यात वीस मिनिटं झाली की पाठीत गार पट्टा सरकल्यासारखं होतं आणि माणूस म्हणतो सूट गळतोय. सूट काही गळत नाही हो. तो तुमचाच घाम आहे. म्हणून सूट कमरेपर्यंत घालून बसायचं, चेन सगळ्यात शेवटी, हूड आणि ग्लोव्ह्ज त्याहून शेवटी, आणि टाक्या दुसऱ्याला उचलू द्यायच्या, यात लाज कसली.

हात हा सगळ्यात कच्चा दुवा. अंग गरम असलं तरी शरीर हातापायाकडचं रक्त आधी कमी करतं. मी ड्राय ग्लोव्ह्ज वापरतो, आत लोकरीचे पातळ हातमोजे, आणि मनगटाच्या सीलखाली एक बारीक नळी सरकवलेली असते म्हणजे सूटमधली हवा ग्लोव्हमध्येही जाते. नळी नसेल तर खोलीवर ग्लोव्ह हाताला आवळून बसतो आणि बोटं संपली. पण याची दुसरी बाजू आहे, ग्लोव्हला कुठे चीर पडली तर पाणी त्याच वाटेने बाहीत शिरतं, म्हणून काही चांगले डायव्हर नळी लावतच नाहीत. त्यांचंही चूक नाही. मला स्वतःला बोटं हलणारी हवीत म्हणून मी नळीच्या बाजूचा. पायात मात्र मोज्यांवर मोजे चढवू नका, बूट घट्ट झाला की तेवढा रक्तपुरवठा बंद.

डोक्याला ७ ते १० मिलिमीटरचा हूड. ओठ उघडे राहतात आणि ते बधिर होतात, रेग्युलेटर नीट धरलाय की नाही तेच कळत नाही. अख्खा चेहरा झाकणाऱ्या फुल फेस मास्कने हे सुटतं, पण तो काही कारणाने काढावा लागला तर उबदार चेहऱ्यावर एकदम शून्य अंशाचं पाणी येतं आणि श्वास अडकतो, त्याचा सराव पाहिजे.

सूटमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू भरण्याबद्दल विचारतात लोक. आर्गॉन हवेच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता वाहतो, पण सूटमधली आधीची हवा दोन-तीनदा बाहेर काढून तो भरला नाही तर फरक काही पडत नाही, त्यामुळे ते पैसे आधी चांगल्या अंडरसूटवर घाला असं माझं मत. हेलियम असलेला गॅस सूटमध्ये कधीच नको, तो उष्णता हवेच्या जवळपास सहापट पळवतो.

बॅटरीवरची हीटेड व्हेस्ट छान वाटते हे खरं. पण अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये जो अहवाल काढला त्यात दिसलं होतं की तळाशी गरम आणि वर येताना गार असा क्रम डीकम्प्रेशन सिकनेससाठी (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) सगळ्यात वाईट. तळाशी फुल आणि वर येताना बॅटरी संपली म्हणजे नेमका तोच क्रम. म्हणून सुरुवातीला बंद किंवा कमी, शेवटी जास्त, आणि व्हेस्ट बंद पडली तरी परत येता येईल एवढा अंडरसूट अंगावर असायलाच हवा.

आणि हो, लघवी. गार पाण्यात ती जास्त होतेच, म्हणून लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे अगदी चुकीचं. लघवी सूटच्या बाहेर सोडणारा पी-व्हॉल्व्ह लावा नाहीतर डायपर घाला पण पाणी प्या.

डायव्ह कधी थांबवायचा ते हुडहुडीवर ठरवू नका, तोवर उशीर झालेला असतो. मी अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघतो. टेकत नसेल तर दोरी ओढून टेंडरला, म्हणजे वर बर्फावर आपली दोरी धरून असलेल्या माणसाला, खूण करायची आणि परत फिरायचं, कारण दोरी ओढायला, व्हॉल्व्ह बंद करायला, सगळ्याला तीच बोटं लागतात. कुडकुडायला लागलं की हवाही भराभर संपते.

बाहेर आल्यावर ओला सूट बघता बघता कडक होतो आणि चेन गोठते, ती ओढाताण करून तोडू नका, कोमट पाणी ओता. गप्पा तंबूत गेल्यावर. अंगातलं तापमान बाहेर आल्यावरही थोडा वेळ उतरत राहतं, त्यामुळे मी ठीक आहे म्हणणाऱ्या माणसावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, काहीतरी गरम गोड प्यायला द्यायचं. दुसरा डायव्ह असेल तर आतले कपडे हाताने चाचपून बघा, दमट लागले तर बदला. बदलायला नसतील तर त्या दिवशी दोरी धरायला उभे राहा, तिथेही माणूस लागतोच, फक्त जाड तळव्याचे बूट घाला कारण बर्फावर एका जागी बराच वेळ उभं राहायचं असतं.