बिघडलेल्या ओव्यांच्या फायली : हलन्त, उकार आणि विठ्ठल

मंडळी, आत्याच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्यांचं काम बरंच पुढं सरकलंय म्हणून एकदा सविस्तर लिहितो, तुमच्यापैकी पुष्कळांकडे असल्या फायली पडून असणार. ओव्या युनिकोडमध्येच टाइप केलेल्या होत्या, पण बॅकअप इकडून तिकडे नेताना कुठल्यातरी प्रोग्रॅमने यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मजकूर विंडोज-१२५२ (रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) समजून वाचला आणि तसाच सेव्ह केला. आता फाइल उघडली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चिन्ह, पानंच्या पानं.

हे जंगल वाचता येतं बरं का. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं (बाइटचे आकडे इथं हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेत), पहिला कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५, आणि अक्षर कुठलं ते तिसरा सांगतो. म असेल तिथं रजिस्टर्डचा गोलातला आर येतो, र असेल तिथं अंशाचं टिंब, ळ असेल तिथं वर चढलेला ३, काना आला की पाऊण, दीर्घ वेलांटी आली की युरो. थोडा वेळ बघत बसलं की आपोआप डोळ्यात बसतं.

दुरुस्ती म्हणजे उलटा प्रवास, मजकुराचे विंडोज-१२५२ प्रमाणे बाइट करायचे आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, पायथनमध्ये एका ओळीचं काम. पण विंडोज-१२५२ मध्ये ५ जागा रिकाम्या आहेत : ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि नेमके ८१ वर ऱ्हस्व उकार, ८डी वर हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), ८एफ वर ए, ९० वर ऐ, ९डी वर झ येतात! काही प्रोग्रॅम हे बाइट न दिसणारी कंट्रोल अक्षरं म्हणून जपून ठेवतात, तिथं एफटीएफवाय या बिघडलेला मजकूर दुरुस्त करणाऱ्या पायथन लायब्ररीतलं 'स्लॉपी' विंडोज-१२५२ लावलं की सगळं जसंच्या तसं परत मिळतं. माझ्या निम्म्याअधिक फायली अशाच सुटल्या, फार आनंद झाला. उरलेल्यांमध्ये मात्र ते बाइट पुसलेच गेलेत.

त्यात भ आणि ७ चा तिसरा बाइट म्हणजे सॉफ्ट हायफन, जो दिसतच नाही, आणि ठ चा म्हणजे न तुटणारी स्पेस, जिची कॉपी-पेस्टमध्ये साधी स्पेस होते. विठ्ठल या शब्दात दोन ठ आणि एक हलन्त, म्हणजे ओवीत जे नाव सगळ्यात जास्त येतं त्याचेच सगळ्यात जास्त हाल. पण यातूनच वाट सापडली, कारण पुसलेल्या अक्षराचे पहिले दोन बाइट जागेवर असतात. ए४ नंतर साधी स्पेस म्हणजे जवळपास नेहमी ठ, फक्त शब्दाच्या शेवटी पुसलेला ए किंवा झ असेल तरच फसगत. ए५ नंतर काहीच नसेल तर जवळपास नेहमी उकार नाहीतर हलन्त, त्यातही पुढं अनुस्वार असेल तर उकारच, कारण हलन्तावर अनुस्वार बसत नाही, त्यामुळे पुंडलिक, कुंकू, गुंफली हे सगळे आपोआप जागेवर आले. दोन ठ च्या मध्ये असेल तर अर्थातच हलन्त.

अडतं ते साध्या व्यंजनांमध्ये, प आणि र च्या मध्ये जागा रिकामी असेल तर पुर की प्र? त्यासाठी चांगल्या सुटलेल्या फायलींमधून शब्दयादी काढली आणि दोन्ही शक्यता तिच्याशी ताडून बघतो. एकच शब्द जुळला तर तो घेतो, दोन्ही जुळले किंवा एकही नाही तर ओळ लाल करून बाजूला ठेवतो. अंदाजाने भरायचं नाही हे पक्कं ठरवलंय, जातं ओढताना कुणीतरी म्हटलेले शब्द आहेत ते, आपण आपल्या मनाचे घालायचे नाहीत.

आता राहिलंय ते वारकऱ्या, पायऱ्या, वाऱ्यानं यातलं र चं रूप. ते काही फायलींत ऱ वर हलन्त देऊन लिहिलंय आणि काहींत साध्या र वर हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडअक्षरी चिन्ह) देऊन, आणि झेडडब्ल्यूजेचा शेवटचा बाइटपण ८डीच, म्हणजे तोही पुसलेला! त्याचे पहिले दोन बाइट वेगळे असल्याने सापडतात मात्र पटकन. सगळीकडे ऱ वालंच रूप करतोय, म्हणजे शोधताना दोनदा शोधायला नको. लाल ओळी मूळ वहीशी लावून बघायचं काम या सुट्टीत घेतोय. कुणाकडे जुन्या बोलीतल्या शब्दांची टाइप केलेली यादी असेल तर कळवा, माझ्या यादीत माहेरच्या ओव्यांतले बरेच शब्द सापडत नाहीयेत.