कॅनॉलच्या कडेनं: आमची वाटचाल

"सायकल चालवायची फार इच्छा आहे हो, पण या ट्रॅफिकमध्ये कोण चालवणार?" आमच्या काउंटरवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी धंद्याची दिशा त्यानंच ठरवली.

आमचं सायकलींचं दुकान तिसऱ्या पिढीचं, आणि आता आम्ही कालव्याच्या कडेनं सायकल राईडही काढतो. पुण्याच्या नारायण पेठेत आजोबा तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. आजोबांच्या बऱ्याच सायकली वाहून गेल्या. ज्या गाळात सापडल्या, त्या त्यांनी आणि बाबांनी महिनाभर खपून छर्ऱ्यापर्यंत सुट्या केल्या, रॉकेलनं धुतल्या, ग्रीस भरून परत जोडल्या. त्यातली एक काळी चोवीस इंची अजून आमच्या दारात उभी असते. बाबांनी भाड्याचं काम बंद करून विक्री-दुरुस्ती सुरू केली. माझ्याकडे दुकान आलं तोवर "सायकलींचं पुणं" जुन्या फोटोंत जाऊन बसलं होतं. मुलांच्या सायकली विकायच्या, मोठ्यांच्या धूळ खात पडलेल्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग करायचं, आणि त्या पुन्हा बाल्कनीत जाऊन उभ्या राहतात हे माहीत असूनही पैसे घ्यायचे. मला ते लागायचं.

यवतजवळ माझ्या मावशीचं गाव आहे. एका डिसेंबरात मुक्कामाला गेले तेव्हा गाडीत सायकल टाकून नेली होती. मावशी म्हणाली, "हायवेला जाऊ नकोस गं, कॅनॉलवरून जा." पहाटे निघाले. डावीकडे ऊस, उजवीकडे पाणी, मध्ये मुरमाची वाट आणि त्यावर बगळे. परत आले तेव्हा बावीस किलोमीटर झाले होते आणि वाटेत भेटली होती एक दुधाची मोटारसायकल. एवढी सलग शांतता सायकलवर बसून मी आधी कधीच अनुभवली नव्हती.

हा मुठा उजवा कालवा. खडकवासल्यातून निघतो, पर्वतीच्या पायथ्यावरून, स्वारगेटच्या बाजूनं हडपसरकडे जातो आणि पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत दौंड-इंदापूरकडे, सगळा मिळून सुमारे दोनशे किलोमीटर. शहरातला भाग सायकलीच्या कामाचा नाही. लोणीच्या पुढे मात्र तो मोकळा होतो. पाणी आपल्याआप वाहत जावं म्हणून कालवा जमिनीची एकच पातळी धरून काढतात, उतार डोळ्याला कळणारही नाही इतका कमी. टेकडी आडवी आली तर कालवा तिच्यावर चढत नाही, वळसा घालून जातो. शेजारची देखरेखीची वाटही तशीच जाते. म्हणून ज्याला चढाची भीती वाटते, ज्यानं वीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही, त्याच्यासाठी याच्याइतका दयाळू रस्ता पुण्याच्या आसपास मला तरी सापडलेला नाही.

बाहेरच्या देशांत हे लोकांनी केव्हाच ओळखलंय. फ्रान्समधला कॅनाल द्यु मिदी सतराव्या शतकातला, सुमारे २४० किलोमीटरचा. होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्याच्या काठानं वाट ठेवली होती, त्या वाटेवर आता सायकली चालतात. अमेरिकेत कॅन्ससच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून लांब पल्ल्याची शर्यत होते आणि तिथल्या गारगोट्या टायर कापतात म्हणून प्रसिद्ध आहेत. अशा रस्त्यांसाठीच ग्रॅव्हल बाईक घडत गेली: हँडल रोड सायकलसारखं वाकडं, टायर मात्र ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक, आणि मागच्या चाकाची सगळ्यात मोठी दातेरी चकती पुढच्या चेनव्हीलएवढी किंवा त्याहून मोठी, म्हणजे चढावर पाय अडकत नाही.

आमच्याकडे गारगोट्या नाहीत, बाभळी आहेत. सशुल्क म्हणून काढलेल्या पहिल्या राईडला सहा जण होते आणि अकरा पंक्चर झाली. उन्हात बसून मी आणि आमचा मेकॅनिक ट्यूबा बदलत होतो, लोक झाडाखाली घड्याळ बघत होते. सगळ्यांचे पैसे परत केले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या सायकली ट्यूबलेस करायला घेतल्या. आता नव्या माणसाला मी मुद्दाम हे दाखवते: टायरमध्ये रुतलेला वेडी बाभळीचा काटा चिमट्यानं उपटायचा. फस्स आवाज होतो, पांढरं दूध बुडबुड्यासारखं वर येतं, चाक भोकाची बाजू खाली येईल असं फिरवून धरायचं, दहा-बारा सेकंदांत आवाज थांबतो. बोट लावलं तर तिथं रबराची बारीक गाठ लागते. हे दूध म्हणजे सीलंट. पुण्याच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून मार्च ते जून आम्ही दर सहा आठवड्यांनी टायर उघडून भरतो. हवा ३५ पीएसआयच्या आसपास. रोड सायकलवरून आलेले लोक टायर दाबून पाहतात आणि म्हणतात, "ताई, हवा कमी आहे." खडीवर पहिलं किलोमीटर झालं की विचारायचे थांबतात.

वाट मात्र दर आठवड्याला नव्यानं ओळखावी लागते. ते मला शिकवलं कालव्यावरच्या एका काकांनी. पाटबंधारेत उभी हयात गेली त्यांची, पायी हिंडून कालवा बघायचे. सुरुवातीला ते लांबूनच बघत. एकदा थांबवून म्हणाले, "ताई, परवाच्याला आवर्तन सुटतंय. मोरीपाशी कड खचलीया, तिथनं सायकली हातात धरून न्या." आवर्तन म्हणजे ठरावीक दिवसांसाठी कालव्याला सोडलेलं पाणी. तिथं गेलो तर खरंच वाटेचा अर्धा भाग आत बसला होता, वरून गवत होतं म्हणून दिसला नसता. तेव्हापासून प्रत्येक राईडच्या आधी त्यांना फोन जातो. पाणी चालू की बंद, गवत काढलंय का, ऊसतोड कुठे चालू आहे. गळीत हंगामात त्याच वाटेनं उसाच्या बैलगाड्या येतात. गाडी दिसली की आम्ही सायकलवरून उतरून शेताच्या बाजूला उभे राहतो. वाट आधी त्यांची आहे.

हे नीट समजायच्या आधी मी एक मोठी चूक केली. एका कंपनीनं पंचेचाळीस जणांची राईड मागितली. तोवरची आमची सगळ्यात मोठी ऑर्डर, मी हो म्हटलं. गाणी लागली, पाण्याच्या बाटल्या बांधावर पडल्या, कुणीतरी हरभऱ्याचे ढाळे उपटले. आणि एका मुलाची बाटली कालव्यात पडली, ती काढायला तो उतारावरून खाली गेला. अस्तरावरचं शेवाळ साबणासारखं असतं. पाय सटकला, कमरेपर्यंत पाण्यात, आणि पाणी जोरात. आमचा मेकॅनिक काठावर पालथा पडला, त्यानं टॉवेल पुढे टाकला, दोघांनी मागून त्याचे पाय धरले. मुलगा वर आला. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली, हरभऱ्याचे पैसे दिले. तरी तीन महिने त्या टप्प्यावर आम्हाला कुणी फिरकू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून एका राईडला आठच जण. पाणी सुटलेलं असेल तर काठाजवळ थांबायचं नाही, बाटली पडली तर गेली. कंपन्यांचे फोन अजून येतात, नाही म्हणताना आता जड जात नाही.

पावसाळ्यात कॅनॉल बंद. काळी माती एकदा चाकाला धरली की फोर्कमध्ये गच्च बसते, सायकल उचलून चालावं लागतं. त्या दिवसांत आम्ही बोपदेव घाटाच्या माथ्यावर, कानिफनाथाच्या बाजूला मुरमाच्या वाटांवर जातो. मुरमातून पाणी निथळतं, तासाभरात वाट चालवण्याजोगी होते. वेताळ टेकडीवर गट न्यायला मात्र मी तयार नाही, कितीही जणांनी विचारलं तरी. पहाटे तिथं म्हातारी माणसं फिरायला येतात आणि शहराला उरलेल्या मोजक्या मोकळ्या जागांपैकी ती एक आहे.

माझी स्वतःची सगळ्यात आवडती राईड मोरगाव-सुप्याची. तिथं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. आत आम्ही सायकली नेत नाही, बाहेरच्या माळावरून फिरतो. चंडोल, धाविक असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांत ओळखू येत नाहीत. म्हणून नियम एकच: रुळलेली गाडीवाट सोडायची नाही. जानेवारीतल्या सकाळी, गवत पिवळं पडलेलं असताना, लांबवर एक चिंकारा थांबून आपल्याकडे बघतो आणि आठच्या आठ जण न सांगता ब्रेक दाबतात, तेव्हा मला बाबांची आठवण येते. त्यांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या, पण पुण्याबाहेर कधी चालवली नाही.

आज आमच्याकडे चौदा ग्रॅव्हल सायकली आहेत, दोन मेकॅनिक आणि मी. शनिवार-रविवार राईड, बाकीचे दिवस दुकान. सुट्टीच्या गर्दीत कमाई बरी होते, मे महिना कोरडा जातो. गेल्या वर्षी साठी ओलांडलेल्या चौघी मैत्रिणी आल्या होत्या. त्यातल्या एका मावशींनी कॉलेजनंतर पहिल्यांदा सायकल चालवली, उरुळीपासून यवतपर्यंत, आणि शेवटी उतरल्यावर माझा हात धरून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

या हिवाळ्यात नीरा डाव्या कालव्याचा मार्ग सुरू करतोय. नीरेहून बारामती रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर आहे, कालव्यानं वळणं धरून बरंच जास्त, म्हणून मध्ये सोमेश्वरनगरच्या बाजूला एका शेतावर मुक्काम ठेवलाय. दोनदा पूर्ण वाट मी स्वतः चालवून आले. काल तिथल्या ओळखीच्या दादांचा फोन आला: पाणी बंद झालंय, वाटेवरचं गवत काढलंय, या. शुक्रवारी रात्री आठही सायकलींत नवं दूध भरायचं आहे.