साइडबॉटम, तुम्ही विचारलंत म्हणून

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना मँचेस्टरजवळच्या बेरी गावाहून सुटणाऱ्या वाफेच्या आगगाडीत बसवतो. वाटेत रॅम्सबॉटम स्टेशन लागतं. पाटी वाचून आधी पोरं खिदळतात, मग थोरं. त्यात कुणी क्रिकेटवेडा असला की पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि तो इंग्लंडचा खेळाडू साइडबॉटम? असलं आडनाव लावायला लाज नाही वाटत यांना?" यंदा मावशीनंही हेच विचारलं.

खरं तर त्या आडनावातला 'साइड' म्हणजे बाजू नव्हे, आणि 'बॉटम' म्हणजे तुम्ही हसताय तेही नव्हे. जुन्या इंग्रजीत 'सीड' म्हणजे रुंद, ऐसपैस. 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ, डोंगरांमधली सखल जमीन. रुंद खोऱ्यातले ते साइडबॉटम. आपल्याकडे दरेकर असतात, तसेच हे.

उत्तर इंग्लंडातल्या लँकेशर-चेशर-यॉर्कशरच्या डोंगराळ भागात असल्या दऱ्या पावलोपावली, म्हणून विंटरबॉटम, लाँगबॉटम, शफलबॉटम ही सगळी भावकी इथलीच. शफलबॉटमचं मूळ तर मेंढ्यांच्या झऱ्याची दरी! उत्तरेकडच्या बोलीत याच शब्दाचं 'बॉथम' होतं. म्हणजे इयान बोथमचं आडनावही त्याच मातीतलं, पण त्याला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. साइडबोथम असं लिहिणाऱ्यांनी लाजेखातर स्पेलिंग बदललं, असं लोक सर्रास म्हणतात. पण तेही रूप जुनंच आहे. हसू टाळायला आडनावाचा उच्चार 'सिडीबटोम' करणाऱ्यांची बाजू मात्र मी घेणार नाही.

इंग्लंडात आडनावं रुळली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. 'बॉटम'ला ढुंगणाचा अर्थ चिकटला अठराव्या शतकाच्या अखेरीस. चारशे वर्षं निर्धास्त नांदलेल्या नावावर शब्दच उलटला, त्यात त्या घराण्याचा काय दोष?

आणि ही माणसं काही तोंड लपवून बसली नाहीत. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या पूर्वेकडच्या लाँगडेंडेल खोऱ्यात साइडबॉटम हे कापडगिरण्यांचे मालक होते. त्यांच्यातले टॉम हॅरप साइडबॉटम पार्लमेंटातही गेले. क्रिकेटमधले आर्नी साइडबॉटम १९८५मध्ये एकच कसोटी खेळले, पण त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉलही खेळून झाले होते. त्यांचा मुलगा रायन, तो कुरळ्या केसांचा डावखुरा, त्यानं २००८मध्ये हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली.

त्या गिरणीवाल्यांच्या खोऱ्यात ब्रॉडबॉटम नावाचं गाव आहे. अर्थ तोच, रुंद दरी, फक्त यातला 'रुंद' आजच्या इंग्रजीतही चालणारा. हे सगळं ऐकवून झाल्यावर मावशीला तिथेही नेलं. समजलं म्हणाली. फलाटावर पाटीपाशी फोटो काढ म्हणाली, आणि उभी राहिली ती 'ब्रॉड' तेवढं दिसेल अशी.