‘फक्त दोन वायरी जोडायच्या’: एचओ लेआउटची पॉवर, रूळ आणि कंट्रोल, माझा अनुभव

डीसीसी, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या गाड्यांना रुळांतूनच डिजिटल हुकूम देण्याची पद्धत, विकणारा प्रत्येक जण एक वाक्य ऐकवतोच: फक्त दोन वायरी जोडायच्या, की गाड्या सुरू! हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला माझ्या लेआउटखाली, म्हणजे रूळ मांडलेल्या टेबलाखाली, उताणं झोपवून हातात सोल्डरिंग आयर्न द्यायला हवी. स्केल, रूळ, कंट्रोलर यांची निवड दोन आठवड्यांत उरकली. त्या ‘दोन वायरीं’नी सहा महिने खाल्ले.

आधी निवडीचं. 8×4 फुटांचा अख्खा प्लाय आणि एचओ, म्हणजे 1:87 हे प्रमाण. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिमी. या प्रमाणात ती 19 मिमीच्या वर जाते, पण भारतीय इंजिनांची तयार मॉडेलंही 16.5 मिमीच्याच रुळांवर येतात. डोळ्याला खुपलं तरी सोडून द्या. वळणाच्या त्रिज्येत मात्र तडजोड नको. एलएचबीचा, म्हणजे आताच्या एक्सप्रेस गाड्यांचा लांब डबा या मापात 27 सेंमी भरतो. 371 मिमीच्या ‘पहिल्या’, म्हणजे तयार वळणांतल्या लहान त्रिज्येवर त्याचं टोक रुळाबाहेर लोंबतं आणि कपलिंग शेजारच्या डब्याला ओढून खाली उतरवतं. 505च्या खाली जाऊ नका. चार फूट रुंदीत 550 मिमीपर्यंत बसतं.

रूळ निकेल सिल्व्हरचेच. नावात चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. स्टीलचे रूळ आपल्या पावसाळ्यात गंजतात, पितळेवरचा काळा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं साफ होतं. सँडपेपर अजिबात नको, ओरखड्यांत मळ घर करतो. रुळाची उंची मी कोड 100 घेतली, म्हणजे 0.1 इंच. कोड 75 दिसायला सरस, पण जुन्या जाड कडांची चाकं त्यावर स्लीपरच्या पकडींना घासत जातात.

आता दोन वायरी. कंट्रोलरजवळ गाडी सुरेख धावते, पलीकडच्या टोकाला मंदावते, दिवे मिणमिणतात. सगळे आधी इंजिन उघडतात, मग डीकोडरला, म्हणजे इंजिनातल्या हुकूम वाचणाऱ्या चिपला, शिव्या घालतात. दोष रुळात असतो. निकेल सिल्व्हरचा रोध तांब्याच्या पंधरापटीच्या पुढे, आणि दर तुकड्याला पुढच्याशी जोडणारी एक फिशप्लेट, म्हणजे जॉइनर. तो नवा असताना घट्ट असतो; काही महिन्यांत सैल आणि आतून काळा. वीज पुढे नेण्याचं काम जॉइनरवर सोडलंत की फसलात. त्याला फक्त रूळ सरळ रेषेत धरू द्या.

म्हणून टेबलाखालून अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिमी छेदाची) तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर फिरवायची, घराच्या वायरिंगची असते तीच. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत आलं, तरी 3 अँपिअरला त्यात जेमतेम पाव व्होल्ट पडतो. अर्ध्या एमएमच्या वायरीत तेवढ्याच अंतरात एक व्होल्टहून जास्त जातो, आणि सेटसोबत येणारी दोऱ्यासारखी वायर तर विचारूच नका. या मुख्य वायरीतून वर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला अर्ध्या एमएमचे फीडर, वीतभर लांबीचे. फ्लेक्स रूळ 914 मिमीचा येतो, म्हणजे साधारण दर यार्डाला एक जोडी. ‘एक सोडून एक’ची काटकसर मी करून पाहिली, नंतर खडी चिकटवलेला रूळ उकरावा लागला.

बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी. एक जरी फीडर उलटा लागला तरी अख्खा लेआउट शॉर्ट होतो आणि तीसपैकी नेमका कुठला ते सापडत नाही. म्हणून प्रत्येक फीडरनंतर मल्टिमीटरचा बझर लावून बघायचं. सोल्डरिंग आयर्न 25 नव्हे, 40 किंवा 60 वॉटची घ्या. उलटं वाटेल, पण कमी वॉटवर रूळ तापायला वेळ लागतो आणि तोवर स्लीपर वितळतात. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे, तीन सेकंदांत काम. डाख नीट पसरवणारा फ्लक्स रोझिनचा, आम्लाचा वापरलात तर जोड हिरवे पडतात.

हे सगळं गाडी नीट धावण्यासाठी, असं मला आधी वाटायचं. खरं कारण त्याहून गंभीर आहे. रुळांना वीज पुरवणारा 15 व्होल्ट, 3 अँपिअरचा बूस्टर शॉर्ट झाल्यावर तुटला, म्हणजे आपोआप बंद पडला पाहिजे. पण पातळ वायर आणि सैल जॉइनर मिळून रोध 6 ओहम झाला, तर शॉर्टमध्येही फक्त अडीच अँपिअर वाहतात. बूस्टरला वाटतं, बऱ्याच गाड्या चालल्यात. तो तुटत नाही. रुळावरून उतरलेल्या चाकात, वायरीत आणि त्या सैल जॉइनरमध्ये मिळून 37 वॉट जिरत राहतात, म्हणजे 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त. बोगीचं प्लास्टिक मऊ होतं तेव्हाच कळतं.

याची परीक्षा रुपयाच्या नाण्यानं. ते दोन्ही रुळांना चिकटेल असं आडवं टाका. बूस्टर त्या क्षणी बंद पडला पाहिजे. दर फुटावर, प्रत्येक साइडिंगच्या टोकाला आणि सांध्याच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या पॉइंटच्या, पुढेमागे. नाही तुटला तर नाणं लगेच उचला आणि तिथे फीडर वाढवा. व्होल्टेज किती पडतंय ते पाहायला बाइकच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॉटचा बल्ब रुळांना टेकवा आणि तो पेटलेला असतानाच मोजा. लोड नसताना मोजलेलं व्होल्टेज सगळीकडे छानच दिसतं. साधा मल्टिमीटर 50 हर्ट्झसाठी बनलेला असतो, डीसीसीचा सिग्नल 5 ते 9 किलोहर्ट्झच्या घरात. म्हणून आकड्यावर विसंबू नका, दोन जागांमधला फरक बघा.

सांध्यांचं राहिलंच. फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचा आणि विजेचा, म्हणजे इलेक्ट्रोफ्रॉग असेल, तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर हवेत. नाहीतर सांधा बदलला की शॉर्ट, आणि तुम्ही पुन्हा फीडर तपासत बसता. इन्सुलफ्रॉगमध्ये, म्हणजे वीज नसलेल्या प्लास्टिकच्या फ्रॉगमध्ये, ही कटकट नाही, पण चार चाकांचं छोटं शंटर इंजिन त्यावर हमखास थांबतं. गाडी फिरून त्याच रुळावर उलटी येईल असा वळसा किंवा त्रिकोण असेल, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. तो भाग दोन्ही टोकांना तोडा, सर्वांत लांब गाडीहून मोठा ठेवा आणि त्या भागाच्या वायरी आपोआप उलटवणारा ऑटो-रिव्हर्सर लावा.

सगळे जोड सोल्डर करण्याचा मोह होतो. तीन मीटर रूळ 20 अंशांच्या फरकानं सुमारे एक मिमी वाढतो, शिवाय प्लाय पावसाळ्यात हलतो. वळणावरचे जोड पक्के करा, सरळ भागात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. प्रत्येक तुकड्याला फीडर असल्यानं फटीनं काही बिघडत नाही.

पॉवरचं. अमेरिकेहून येणाऱ्या सेटवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. 100-240 असेल तर फक्त पिन बदलून भागतं. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर असेल तर पिन बदलणारा अडॅप्टर त्याला वाचवत नाही. स्टेप-डाउन लावलात तरी 50 हर्ट्झवर तो जास्त तापतो. फेकून द्या, कंट्रोलरला हव्या त्या व्होल्टेजचा एसएमपीएस पॉवर सप्लाय घ्या.

कंट्रोलर घरीच, आर्डुइनो मेगा या छोट्या बोर्डावर डीसीसी-ईएक्स सॉफ्टवेअर टाकून केला तर पैसे खूप वाचतात, पण दोन अटी. रुळांना करंट पुरवायला लाल एल298एन मोड्यूल नको, त्याला करंट मोजता येत नाही, म्हणजे वरची नाण्याची परीक्षा आयुष्यात पास होणार नाही. आणि त्याऐवजी मेगावर बसणारा आर्डुइनोचा मूळ बोर्ड, म्हणजे मोटर शील्ड, घेतलीत तर पाठीमागचा व्हीइन-कनेक्ट ट्रेस (तांब्याची रेघ) कापा, नाहीतर रुळांचे 15 व्होल्ट थेट मेगाच्या रेग्युलेटरवर. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर इथे नको, शील्ड व्होल्टेज कमी-जास्त करत नाही, बहुतेक तसंच रुळांवर सोडते. फोनवरून गाडी चालते, पण शंटिंगला बोटाखाली खरी गोल खुंटी हवी; काचेवर न बघता वेग कमी करता येत नाही.

एकच गाडी, एकच फेरा असेल तर साधा 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरे. एकाच रुळावर दोन इंजिनं हवीत तर डीसीसी. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे आत फक्त सॉकेट, डीकोडर वेगळा घ्यायचा. सॉकेट 8 पिन, 21 पिन की नेक्स्ट18 ते आधी बघा. नव्या डीकोडरचा पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा नंबर, 3 असतो. तो वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर एकेकट्यानं बदला, नाहीतर लेआउटवरची सगळी इंजिनं एकाच नंबरला ओ देतात. आणि जुना डीसी कंट्रोलर त्याच रुळांना जोडलेला असेल तर डीसीसीची पिन लावायच्या आधी त्याच्या वायरी कापून टाका. स्विच बंद ठेवणं पुरत नाही, कुणीतरी तो चालू करतंच.