घोरणं थांबलं तेव्हा

काल रात्री बाबांचं घोरणं अचानक थांबलं आणि त्या शांततेनेच मला जाग आली. सेकंद मोजले. 18. मग घशातून मोठा आचका, आणि पुन्हा घोरणं सुरू.

सकाळी आईला सांगितलं. म्हणाली, "थांबलं की मी कोपराने ढोसते. कित्येक वर्षं झाली."

म्हणजे इतकी वर्षं आई अर्धवट जागीच!

हा स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा जास्तच अडतो, ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब उसळतो. तासाला 30 च्या वर असे अडथळे आले की तो तीव्र धरतात. बाबांचं बीपी तीन गोळ्यांनीही उतरत नाही, ते यामुळेच का? डॉक्टरांना विचारून झोपेची तपासणी करून घेतोय.

तुमच्या घरी असं कोण जागतंय?