कार्पेंटरमावशीचं माहेर

डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण ह्या पावसाळ्यात खानापूरला घरी अडकले तेव्हा परत वाचताना मी अडकले ती रोझेलच्या कार्पेंटरबाईंवर. गोपाळराव कोल्हापूरच्या पोस्टात असताना वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहितात, तो ते आपल्या मासिकात छापतो, आणि तिकडं न्यू जर्सीत ही बाई दातांच्या डॉक्टरकडं नंबर यायची वाट बघत बसलेली असताना ते वाचते आणि सरळ पत्र पाठवते. ओळख ना पाळख! १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या आणि राहिल्या त्या ह्यांच्याच घरी. आणि काय योग बघा, त्याच जानेवारीत एडिसनने रोझेल गावात तारा ओढून विजेचे दिवे लावलेले (आमच्याकडं त्या आठवड्यात दोन दिवस लाईट नव्हती, ते असू दे).

आनंदीबाई तिला मावशी म्हणायच्या. मावशी म्हटलं की आईकडचं माणूस, मग हिचं माहेर कुठलं? एवढ्यावरून मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसायला लागले. आई म्हणाली, "काय शोधालीस गं एवढं, ती काय आमच्या भावकीतली हाय?"

पहिली अडचण म्हणजे बाईला नावच नाही. जिथं बघावं तिथं मिसेस बी. एफ. कार्पेंटर, आणि ते बी. एफ. नवऱ्याचं. स्वतःचं नाव कुठं थिओडिशिया तर कुठं थिओडोशिया, म्हणून सर्चमध्ये पहिली चार-पाच अक्षरं टाकून पुढं चांदणीची खूण (*) मारायची, म्हणजे दोन्ही स्पेलिंगची माणसं येतात. मधलं नाव मात्र कामाचं निघालं. तिकडच्या बऱ्याच बायका लग्नानंतर बापाचं आडनाव मध्ये ठेवायच्या, हिचं ते ई-आय-जी-एच-एम-आय-ई, तोंडात कसं बसवायचं देव जाणे, पण माहेरचा धागा तोच.

मग जनगणना. अमेरिकेत १८४० पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव लिहायचे, बाकी सगळे नुसते आकडे, एवढे पुरुष, एवढ्या बायका. १८५० पासून प्रत्येकाचं नाव आलं, गुलामांचं सोडून, त्यांची नुसती वयं मालकाच्या नावाखाली. कोण कुणाचं काय लागतं हा रकाना तर १८८० ला आला, त्याच्या आधी एका घरात दिसणारी पोरगी मुलगी की पुतणी की कामाला ठेवलेली, आपणच अंदाज करायचा. आणि १८९० ची जनगणना? १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात बहुतेक खराब झाली आणि पुढं नष्टच केली. म्हणजे १८८० ला बापाच्या घरी असलेली मुलगी १९०० ला दुसऱ्याच आडनावाखाली, मधला दुवा गायब. न्यू जर्सीची स्वतःची १८८५ आणि १८९५ ची गणती आहे म्हणून त्या राज्यापुरतं तरी बरं. १९०० च्या फॉर्मवर बायकांना विचारलंय किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत. दोन आकडे शेजारी-शेजारी. मी बराच वेळ फोन खालीच ठेवला होता.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे स्मशानं. आनंदीबाई शिकून परत आल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), नेमणूकही झाली होती, पण रुजू व्हायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडं पाठवली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानात आपल्या घरच्या जागेत ठेवली. म्हणजे मावशीच्या घरची माणसं कुठल्या मातीत आहेत हे मला भाचीच्या दगडावरून कळलं.

आता आमच्या घरचं सांगते. सुगीत हेळवी येतो बैल घेऊन, आमच्या घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणतो, वही कन्नडमध्ये पण तोंडाने मराठीत सांगतो. मागच्या वेळी विचारलं, मामा, आज्जीचं काय? म्हणाला, ती कुठल्या घरची ते तिच्या माहेरच्या हेळव्याला विचार, आमच्याकडं बापय माणसांचं. उताऱ्यावर आज्जी आज्ज्याच्या नावामागं, रेशनकार्डावर सासरचं नाव, आणि लग्नाआधी तिला काय म्हणायचे ते आईलाही ठाऊक नाही. पोकीप्सीचं स्मशान मला घरबसल्या सापडलं आणि आज्जीचं माहेर, नंदगड, इथून एवढंसं लांब.

आज्जीच्या माहेरचा हेळवी पण सुगीतच येतो म्हणे. माझ्या मामाला सांगून ठेवलंय, आला की त्याला चहा पाजून बसवून ठेव आणि मला फोन कर, गाडी काढून येते.