शनिवारी तंबोरा घरी आला

रविवार, रात्रीचे साडेदहा

काल लिहिलंच नाही. वही उघडली होती, पेनही हातात होतं, पण कोपऱ्यात उभ्या केलेल्या तंबोऱ्याकडे बघत बसण्यातच रात्र गेली. म्हणून आज दोन दिवसांचं एकदम लिहितेय. घरातले सगळे झोपलेत. सांगलीच्या गावभागात रात्री नदीकडून गार वारा येतो, तो आत्ताही खिडकीतून येतोय. शाल घेतली आहे, पण खिडकी लावाविशी वाटत नाही.

हा तंबोरा माझ्या वडिलांचा, अण्णांचा. १९७८ साली त्यांनी तो मिरजेतून घेतला. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. तेव्हाच्या पगारात तंबोरा एकरकमी घेणं शक्य नव्हतं, कारागिरानं तो हप्त्यावर दिला. अण्णा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास असायचा. हातपाय धुऊन, चहा घेऊन ते तंबोरा उतरवायचे. ते काही मैफलीचे गवई नव्हते. तासभर सूर लावून बसायचे, कधी यमन, कधी पूरिया, आणि आई आत भाकरी थापत असायची. भाकरीचा थपथप आवाज आणि तंबोरा हे माझ्या कानात अजून एकत्रच वाजतात.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही कागदपत्रं, औषधं आणि दोन पिशव्या कपडे घेऊन विश्रामबागला नणंदेकडे गेलो. तंबोरा मी कपाटावर आडवा ठेवला होता, तिथवर पाणी चढणार नाही असं वाटलं होतं. परत आलो तेव्हा कपाटच आडवं झालेलं होतं आणि तंबोरा गाळात. भोपळ्यावरची लाकडी तबली एका बाजूनं उचलली गेली होती, पॉलिश पांढरं पडलं होतं, दोन खुंट्या नव्हत्याच. तेव्हा घरात इतकं काही करायचं होतं की मी तो पुसून, वाळवून, आईच्या जुन्या इरकली साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. आणि वर्षानुवर्षं तो तिथेच राहिला. माळ्यावरून दिवाळीचा कंदील काढताना साडीचा काठ दिसायचा आणि मी मान वळवायचे.

तो खाली आला मैत्रिणींमुळे. आम्ही पाचजणी, शाळेपासूनच्या. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची भिशी असते. दिवाळीनंतरच्या भिशीला त्या माझ्याकडे जमल्या होत्या, आणि पेटीवालीनं (ती शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवायची, तेव्हापासून तिचं हेच नाव) एकदम विचारलं, "अण्णांचा तंबोरा कुठाय गं?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. चिठ्ठी निघाली, तिचाच नंबर लागला. तिनं पैशांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "माझा नंबर तू घे. तुझा येईल तेव्हा मी घेईन. आधी तो मिरजेला ने." बाकीच्या तिघी चहाचे कप घेऊन तशाच बघत राहिल्या. मला भरून आलं, आणि लिहिताना आत्ताही येतंय.

तर काल तो आणायला गेले. सोबत आमच्या पाचजणींतली हरिपूरवाली. सांगली-मिरज अंतर दहाएक किलोमीटर, पण तंबोरा बसमधून आणायचा नव्हता, म्हणून जाताना बसनं गेलो आणि येताना रिक्षा ठरवली. सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी भोपळे दिसतात. छताला टांगलेले, भिंतीशी रचलेले, काही कापलेले, काही अजून देठासकट. हे खायचे भोपळे नव्हेत. जाड सालीचे, कडू, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात आणि वाळायला महिनेच्या महिने घेतात. दांडीला तुणीचं लाकूड. दुकानात तुणीच्या भुशाचा वास होता, आणि त्यात सरसाचा उग्र वास मिसळलेला.

तंबोरा दुरुस्त करणारे चाचा सत्तरीच्या पुढचे. नोव्हेंबरात मी तंबोरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी साडी सोडून तंबोऱ्यावर नुसता हात फिरवला होता, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "भोपळा शाबूत आहे ताई, होईल," एवढंच म्हणाले होते. दांडीच्या मागं आतल्या बाजूला त्यांना एक खूण सापडली. त्यावरून त्यांनी ओळखलं की हा त्यांच्या थोरल्या काकांच्या हातचा. मग त्यांनी नवी तबली बसवताना जुनीच नक्षी उतरवून घेतली. मी ती मागितलीही नव्हती.

काल गेलो तेव्हा फक्त जवारी काढायची, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवायचा, एवढंच राहिलं होतं. "बसा, तुमच्यासमोर काढतो," म्हणाले. जवळजवळ दोन तास आम्ही दोघी चटईवर बसून ते बघत होतो, आणि गेल्या कित्येक महिन्यांत इतके सुंदर दोन तास माझ्या वाट्याला आले नव्हते. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता असतो, तार थरथरताना त्या उतारावर घासते, आणि त्या घासण्यातून एका सुरात दडलेले बाकीचे सूर बाहेर येतात. तो उतार केसाइतका जरी चुकला तरी तार एकतर मुकी होते नाहीतर चिरकते. चाचा तार ढिली करून बाजूला सारायचे, घोडीवर कानस दोनच वेळा फिरवायचे, फुंकर मारायचे, तार परत चढवायचे, छेडायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. परत ढिली. परत कानस. हरिपूरवालीनं मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर चाचा डोळे न उघडता म्हणाले, "ताई, जरा बोलू नका." ती लगेच गप्प झाली, आणि नंतर आम्ही श्वाससुद्धा हळू घेत होतो.

मधे चहा आला तेव्हा मात्र चाचा बोलले. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी वाद्यांच्या कामात हात घातला, तिथून ही गल्ली सतारमेकरांची झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला. मी त्यांना सांगितलं की लहानपणी अण्णा मला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या संगीतसभेला आणायचे. चाचांनी हातातला कप खाली ठेवला. "चिंचेखाली?" "हो, चिंचेखाली."

ती चिंच आणि ती सभा माझ्या आठवणीतली सगळ्यात मोठी रात्र आहे. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर त्यांनी देह ठेवला, पण त्यांना आणलं मिरजेला, याच दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या आठवणीत उरसात गाणं होतं. गवई येतात, गातात, समोर बसलेले ऐकतात, त्यात अडत्या असतो, हमाल असतो, डॉक्टर असतो. मी सात-आठ वर्षांची असेन. आईच्या मांडीवर झोपायची, मध्येच जाग आली की अण्णांची मान हलताना दिसायची, वर चिंचेची पानं आणि त्यातून दिवे. कोण गात होतं ते मला आठवत नाही. आईच्या मांडीची ऊब मात्र आठवते, आणि खालून सतत वाहणारा तंबोरा.

शेवटी चाचांनी चारही तारांखाली सुती धागा सरकवला, मण्यांनी सूर बारीक मिळवले आणि तंबोरा माझ्याकडे दिला. "लावा." मी पंचम छेडला, मग जोड, मग खर्ज. दोन-तीन फेऱ्या झाल्या. आणि खर्जाच्या तारेतून, कुणीही न छेडलेला, गंधार वर आला. स्वयंभू गंधार म्हणतात तो. चार तारांत कुठलीच तार गंधाराची नसते, आणि तरी तो ऐकू येतो, वरच्या कुठूनतरी, अगदी स्पष्ट. अण्णा बोट वर करून म्हणायचे, "आला बघ." मला वाटलं हरिपूरवालीला कळणार नाही, कारण ती कधी गाणं शिकलेली नाही. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं बोट वर केलं होतं. तिनं माझ्या घरी अण्णांना लहानपणी इतक्यांदा बघितलेलं, ते मी विसरलेच होते.

येताना रिक्षातून दांडी अर्धा हात बाहेर. रिक्षावाल्यानं विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर मागं वळून विचारलं, "वाजवता का तुम्ही?" आणि मी हो म्हटलं. सगळे खड्डे त्यानं सावकाश घेतले.

आज दुपारी सगळ्याजणी हरिपूरला. हरिपूरवालीचं माहेर तिथलंच, घर नदीजवळ. तिच्या वडिलांच्या वेळी परसात हळदीचं पेव होतं. जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा, त्यात वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड लागायची नाही. अण्णांच्या अडतीची हळदसुद्धा हरिपूरच्याच पेवांत असायची. महापुरांनी बहुतेक पेवं गेली. तिच्या परसातल्या पेवाच्या जागी आता तिनं शेवगा लावलाय, आणि आम्ही त्याच शेवग्याशेजारी सतरंजी टाकून बसलो.

जेवायला कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकरी, कांद्याची पात, दही. वांगी तिनं चुलीवर भाजली. गॅसवरच्या भाजण्याला तो धुराचा वास येत नाही हे माझं ठाम मत आहे आणि कालांतरानं ते बदलेल असं मला वाटत नाही. पोस्टातलीनं भडंग आणलं होतं, ते जेवणाआधीच संपलं. धाकटी (ती आमच्याहून सहा महिन्यांनी लहान, एवढंच) सासूबाईंच्या आजारपणामुळे चार महिन्यांनी आली होती. तिनं फार काही सांगितलं नाही. भाकरी मोडताना मध्येच थांबली, तर पेटीवालीनं तिच्या ताटात भरीत वाढलं आणि शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा विषय काढला. नाटकात धाकटीची दाढी सुटून पडली होती, ते. एवढ्यांदा ऐकलेली गोष्ट, पण धाकटी हसली, आणि मग डोळे पुसत बराच वेळ हसत राहिली.

ऊन उतरल्यावर संगमेश्वराला जाऊन आलो. तिथे वारणा कृष्णेला मिळते. जानेवारीत पाणी शांत असतं, दोन्ही नद्यांच्या मधली रेघ नीट बघितली तर दिसते. याच नदीला मी २०१९ नंतर बरेच दिवस बघायलाही जात नव्हते. आज पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. गार होतं, छान वाटलं.

मग तंबोरा. मी तो शेजारच्या सीटवर बसवून, पट्टा लावून हरिपूरला नेला होता. पेटीवालीनं पेटी आणली होती, पण म्हणाली, आज पेटी नको, नुसताच लाव. दिवेलागणीची वेळ, म्हणजे यमन. गाण्यातली गांधर्वची मध्यमा परीक्षा दिली त्याला आता तीस वर्षं झाली, गळा बसलेला होता, वरचा सा लागायला वेळ घेत होता. मी नुसता नि-रे-ग घेऊन गंधारावर थांबले. तंबोऱ्यातला गंधार आणि माझा गंधार आधी शेजारी-शेजारी उभे होते. थोड्या वेळानं ते एकाच जागी आले, आणि तिथे मला माझा आवाज वेगळा ऐकू येईना. धाकटीनं डोळे मिटले होते. हरिपूरवालीची आई आतून काठी टेकत आली, दारात बसली, आणि म्हणाली, "दिवाणजींचा हाय न्हवं ह्यो?" त्यांनी तो आवाजावरून ओळखला. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी अण्णा एकदा पेवावर हळद बघायला आले होते, रात्री मुक्काम पडला, आणि पुढच्या आठवड्यात खास तंबोरा घेऊन परत आले होते म्हणे. ही गोष्ट मला माहीतच नव्हती. अण्णांना जाऊन चौदा वर्षं झाली, आणि त्यांची एक नवी संध्याकाळ मला आज मिळाली.

नंतर सगळ्याच गायल्या. पोस्टातलीनं तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, तंबोऱ्याच्या सुरातच. धाकटीनं शाळेतली प्रार्थना. सात वाजून गेले, डास यायला लागले, तरी कुणी उठेना.

आत्ता लिहिता लिहिता कोपऱ्यातून बारीक टण्ण असा आवाज आला. नव्या तारा आठवडाभर ओढ घेतात, रोज मिळवाव्या लागतात, असं चाचांनी सांगितलं होतं. उठून बघितलं, पंचम उतरला होता. अंधारातच खुंटी हलकेच पिळून तो वर आणला, मणी सरकवला, एकदाच छेडला. आतून ह्यांनी विचारलं, "झोपली नाहीस?" म्हटलं, "आलेच."

उद्या सहाचा गजर आहे. हरिपूरवालीचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिलाय, त्यात तिला तिळाच्या वड्या घालून द्यायच्या.